कॅम्पसवर येणाऱ्या कंपन्यांसाठी नियम आहेत, पण अर्धेच

प्लेसमेंटचा हंगाम सुरू झालाय. एमबीएच्या पहिल्या वर्षाची पोरं उन्हाळी इंटर्नशिपसाठी आणि दुसऱ्या वर्षाची कायमच्या नोकरीसाठी मुलाखतींना बसताहेत. आमच्या शाळेतून दहावी झालेली एक मुलगी यंदा दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या आठवड्यात ती घरी आली. एका कंपनीच्या मुलाखतीत तिला मार्केटिंगवर दोनच प्रश्न विचारले. मग विचारलं, "हे डोक्यावरचं ऑफिसातही ठेवणार का?" आणि वर, "लग्नानंतर घरचे नोकरी करू देतील ना?" पुढच्या यादीत तिचं नाव नव्हतं. "सर, असं विचारलेलं चालतं का?" आम्हाला लगेच उत्तर देता आलं नाही. नंतर जे शोधलं ते इथे मांडतो.

चांगल्या मॅनेजमेंट संस्था भरतीला येणाऱ्या कंपन्यांना नियम घालून देतात, हे आपल्याकडे फार जणांना ठाऊक नसतं. काम कोणतं, कोणत्या शहरात, पगार किती, हे आधी लेखी द्यायचं. पगारातला ठरलेला भाग वेगळा, कामगिरीवर मिळणारा वेगळा, एकदाच मिळणारा बोनस वेगळा दाखवायचा. ("बारा लाखांचं पॅकेज" ऐकून मोहल्ल्यात मिठाई वाटली जाते, आणि पहिल्या महिन्यात हातात येतो तो आकडा पाहून अम्मी विचारात पडते. त्यावर हाच इलाज आहे.) ऑफर दिल्यावर विचार करायला वेळ द्यायचा, "आत्ताच सही कर" म्हणून अडवायचं नाही. दिलेली ऑफर मागे घेतली तर पुढच्या वर्षी दार बंद.

हे नियम ठेच लागूनच आले आहेत. २०१६ साली फ्लिपकार्टने आयआयएम अहमदाबादच्या विद्यार्थ्यांना जूनऐवजी डिसेंबरमध्ये रुजू व्हायला सांगितलं आणि दीड लाख रुपये भरपाई देऊ केली. संस्थेने कंपनीला पत्र लिहून नाराजी कळवली. त्याच वर्षी आयआयटींनी शब्द न पाळणाऱ्या तीसेक कंपन्यांना कॅम्पसवर बंदी घातली. म्हणजे संस्था एकत्र आल्या तर कंपन्यांना ऐकावं लागतं.

पण हे सगळे नियम तारखांचे आणि पैशांचे. मुलाखतीच्या खोलीत काय विचारायचं आणि काय नाही, यावर बहुतेक ठिकाणी "समान संधी" हे दोन शब्द असतात, आणि कधी तेही नसतात. आमच्या मुलीचा प्रश्न नेमका इथे येऊन अडतो.

कायद्याकडे जावं तर तिच्या दोन प्रश्नांची दोन वेगळी उत्तरं मिळतात. भरतीत स्त्री-पुरुष भेद करू नये, हे १९७६ च्या समान वेतन कायद्यात होतं आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. त्यामुळे लग्नाचा प्रश्न फक्त मुलींनाच विचारला जात असेल तर बोलायला जागा आहे. डोक्यावरच्या कपड्याचं तसं नाही. राज्यघटनेची कलमं १५ आणि १६ मुख्यतः सरकारला बांधतात. खासगी कंपनीने धर्म पाहून नोकरी नाकारली तर थेट बोट ठेवता येईल असा केंद्रीय कायदा नाही. सच्चर समितीने २००६ मध्ये समान संधी आयोग सुचवला, २००८ मध्ये माधव मेनन यांच्या तज्ज्ञ गटाने त्याचा आराखडाही दिला. आयोग काही आला नाही.

भेदभाव होतो हे आता आपली तक्रार म्हणून सांगावं लागत नाही. २००७ मध्ये सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी सारख्या पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी खासगी कंपन्यांना पाठवले. मुस्लिम नावांना बोलावणं सगळ्यात कमी आलं, दलित नावांपेक्षाही कमी. २०२२ मध्ये लेड बाय फाउंडेशनने एकच बायोडाटा हबीबा अली आणि प्रियंका शर्मा या दोन नावांनी एक हजार जाहिरातींना पाठवला. प्रियंकाला २०८ ठिकाणांहून होकारार्थी उत्तर, हबीबाला १०३. निम्म्याहून कमी! आणि २०१५ मध्ये मुंबईत एका एमबीए झालेल्या तरुणाला तर कंपनीने ईमेलवरच कळवलं होतं की आम्ही फक्त बिगर-मुस्लिम घेतो. ते लेखी होतं म्हणून गाजलं. एरवी पुरावा मागे राहत नाही. त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हिजाबमुळे नोकरी नाकारलेल्या मुलीच्या बाजूने निकाल दिला, कारण तिथे १९६४ चा कायदा खासगी मालकालाही लागू होतो.

आपल्याकडे तसा कायदा येईपर्यंत कॉलेजचा नियम हाच काय तो आधार. लिहायला अवघडही नाही. लग्न, मूल, धर्म, पेहराव यांवर प्रश्न नकोत. मुलाखत घेणारे किमान दोन असावेत. कोणाला कशासाठी नाकारलं याची एक ओळ प्लेसमेंट ऑफिसला द्यावी. शुक्रवारी दुपारी मुलाखत असेल तर वेळ बदलून मागितल्याचा गुण कापू नये. आणि तक्रार करणाऱ्याचं नाव कंपनीला कळू नये, नाहीतर कोण तोंड उघडणार?

अडचण अशी की आयआयएमला कंपनीला सुनावणं परवडतं. जिल्ह्याच्या गावातल्या कॉलेजात चार कंपन्या आल्या तरी खूप, तिथला प्लेसमेंट अधिकारी कुणाला दुखवणार नाही. आपल्या समाजाच्या मॅनेजमेंट संस्था मुंबईत आहेत, पुण्यात आहेत. त्यांनी एकच मसुदा करून सगळ्या कंपन्यांपुढे ठेवला तर छोट्या कॉलेजांनाही तो पुढे करता येईल. हे आधीच व्हायला हवं होतं, असं आम्हाला स्पष्ट वाटतं.

त्या मुलीला आम्ही एवढंच सांगितलं की विचारलेले प्रश्न, तारीख, वेळ आत्ताच वहीत लिहून ठेव आणि प्लेसमेंट ऑफिसला लेखी कळव. तिने बुधवारी पत्र दिलं, पोच घेतली. उत्तर अजून आलेलं नाही. सोमवारी तिची दुसऱ्या कंपनीत मुलाखत आहे.