रफी की किशोर? आधी गाणं सांगा



लग्नघर असो, बारसं असो की दिवाळीला जमलेलं कुटुंब, आपल्या घरांत एक भांडण ठरलेलं असतं. रफी मोठा की किशोर? सूर्यास्ताआधी जेवणं आटोपलेली, ओटा आवरलेला, आणि पुढे अख्खी रात्र मोकळी. पुरुष मंडळी गादीवर लोडाला टेकून बसतात आणि वाद पेटतो. आपण बायका आतून ऐकतो, हसतो, मधूनच एखादी दारात येऊन आपलं मत टाकून जाते. मला हा वाद आवडतो. पण हल्ली तो ज्या वळणाला जातो, ते मला अजिबात पटत नाही. म्हणून आज चार गोष्टी मोकळेपणानं सांगते.

आमच्या धारणीत हा वाद सुरू होतानाच किशोरची बाजू जड असते. खंडवा आमच्या शेजारचं. मध्य प्रदेशची हद्द इथून हाकेवर, त्यामुळे कितीतरी घरांचा बाजारहाट, दवाखाना, सोयरीक सगळं बऱ्हाणपूर-खंडव्याकडे. त्याच खंडव्यात ४ ऑगस्ट १९२९ ला आभासकुमार गांगुली जन्मला, वकील कुंजलाल गांगुलींचा मुलगा आणि अशोककुमारचा धाकटा भाऊ. १३ ऑक्टोबर १९८७ ला किशोरकुमार मुंबईत गेला, पण अंत्यसंस्कार खंडव्यातच झाले. समाधीही तिथेच आहे, आणि चाहते तिथं त्याच्या आवडीच्या दूध-जिलेबीचा नैवेद्य ठेवतात. "आपल्या खंडव्याचा पोरगा आहे बाप्पा, त्याले काऊन नावं ठेवता?" असं कुणी म्हटलं की अर्धी बैठक तिकडे झुकते. मोहम्मद रफी पंजाबातले, अमृतसरजवळच्या कोटला सुलतानसिंह गावचे. जन्म २४ डिसेंबर १९२४. त्यांची बाजू घ्यायला धारणीत कोण सोयरं बसलंय?

गाववाला म्हणून जीव लावणं यात वाईट काही नाही. आपण माहेरच्या लोणच्याचं कौतुक करतोच की. पण माहेरचं म्हणून ते जगात सगळ्यात चांगलं, असा निकाल देऊ नये, एवढंच.

दुसरा मुद्दा बक्षिसांचा. किशोरला फिल्मफेअर आठ, रफींना सहा, म्हणून किशोर मोठा, असं मोबाइल दाखवून सांगितलं जातं. आता हिशेब करायचाच तर पूर्ण करू. हे पारितोषिक सुरू झालं तेव्हा पुरुष आणि स्त्री गायकांना मिळून एकच होतं. दोघांसाठी वेगळी पारितोषिकं झाली ती १९६७ च्या सुमारास. म्हणजे रफींच्या ऐन भराच्या काळात त्यांची गाठ लताबाईंशीही होती. उलट रफींना पद्मश्री मिळाली आणि 'हम किसीसे कम नहीं'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, किशोरला यातलं एकही नाही. मग काय, रफी मोठे? तसंही नाही. पेढ्यांचे डबे मोजून लग्न कसं झालं ते कळत नाही, तसंच हे.

तिसरा मुद्दा 'आराधना'चा. १९६९ चा तो सिनेमा आला आणि किशोरनं रफींना मागे टाकलं, असं सांगतात. त्यानंतर किशोरचा काळ आला हे खरं. पण त्याच 'आराधना'त रफींचीही दोन गाणी आहेत, हे किती जणांना आठवतं? सचिनदेव बर्मन यांनी एकाच सिनेमात दोघांना गायला लावलं. संगीतकाराला दोघेही हवे होते. एकाला ठेवून दुसऱ्याला काढायचं, हे आपल्या बैठकीनं ठरवलं.

आता मला काय ऐकू येतं ते सांगते. किशोर म्हणजे समोर उभं राहून सगळी मैफल आपल्या हातात घेणारा माणूस. रीतसर शास्त्रीय शिक्षण नाही, परदेशी रेकॉर्डी ऐकून उचललेलं ते गळ्यातलं यॉडलिंग, अंगात मुरलेला नट. 'झुमरू'त नायक तोच, गाणारा तोच, संगीतही त्याचंच. 'दूर गगन की छांव में' तर दिग्दर्शनासकट त्याचा. रंगमंचावर तो गाताना नाचायचा, लोळायचा, लोकांना हसवायचा आणि पुढच्याच गाण्यात रडवायचा. आणीबाणीत १९७६ साली सरकारनं त्याची गाणी आकाशवाणीवरून बंद केली होती. ऑर्केस्ट्राच्या पुढे उभा राहणारा सर्वांत मोठा कोण, एवढंच कुणी मला विचारलं, तर मी किशोरचंच नाव घेईन.

रफी वेगळे. उस्ताद अब्दुल वाहिद खान, पंडित जीवनलाल मट्टू यांच्याकडे शिकलेला गळा. माइकसमोर शांत उभे राहायचे, चेहऱ्यावर मंद हसू, बस. पण दिलीपकुमारसाठी गायले की तो दिलीपकुमारचा आवाज वाटायचा, शम्मी कपूरसाठी गायले की तोच गळा उड्या मारायचा, आणि जॉनी वॉकरसाठी गायले की आवाजातच तेलमालिशवाला दिसायचा. आपण नाही का, एकाच पातेल्यातली भाजी सासऱ्यांना कमी तिखट काढून देतो, मुलांना वरून तूप घालतो, नवऱ्याला फोडणीची मिरची वाढतो? खाणाऱ्याला वाटतं, माझ्यासाठीच केली. रफींचं गाणं मला तसं वाटतं. स्वतः मागे राहून दुसऱ्याचं ताट भरणारं. मला एकच निवडायला लावलं तर माझं मत रफींना, खंडवा कितीही जवळ असलं तरी.

पण माझ्या मतापेक्षा मोठी साक्ष खुद्द त्या दोघांची आहे. १९५८ च्या 'रागिनी' सिनेमात किशोर पडद्यावर होता आणि त्याच्या तोंडी एक शास्त्रीय ढंगाचं गाणं होतं. संगीतकार ओ. पी. नय्यर यांनी ते रफींकडून गाऊन घेतलं. पुढच्याच वर्षी 'शरारत'मध्येही किशोरसाठी रफी गायले. विचार करा, स्वतः गायक असलेला माणूस दुसऱ्याच्या आवाजावर ओठ हलवतो! रफींचे चाहते हे हुकमाचं पान म्हणून टाकतात. मला मात्र त्यात किशोरचाच मोठेपणा दिसतो. या गाण्याला तुझा गळा हवा, हे मान्य करायला मन मोठं लागतं. पुढे 'अमर अकबर अँथनी'त लता, मुकेश, रफी आणि किशोर एकाच गाण्यात गायले. तिथं कोण जिंकलं? गाणं जिंकलं.

आपल्या मराठी मुलखाला हे नवं नाही. शंभर वर्षांपूर्वी असाच वाद बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांच्यावरून होता. दोघांच्या कंपन्या वेगळ्या, गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श, आणि चाहत्यांचे दोन तट. टिळक स्वराज्य फंडासाठी ८ जुलै १९२१ ला मुंबईत दोघांनी मिळून 'संयुक्त मानापमान' केलं. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. प्रेक्षक कोण वरचढ ते बघायला आले असतील, पण त्यांना मिळालं ते दोघांनी मिळून रंगवलेलं एक नाटक, आणि पैसा गेला देशाच्या कामाला. तीनच महिन्यांनी, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले. ती रात्र झाली नसती, दोघे आपापल्या तटातच बसले असते, तर केवढं नुकसान झालं असतं!

आता जे मला खरोखर टोचतं ते. गेल्या काही वर्षांत या वादात एक नवा सूर शिरलाय. "किशोर आपला, रफी त्यांचा." आधी हळू आवाजात, मग मोठ्यानं, आणि आता मुलांसमोर. मैत्रिणींनो, इथं गप्प बसू नका. 'बैजू बावरा'तली भजनं आठवा. १९५२ चा सिनेमा, शब्द शकील बदायुनींचे, संगीत नौशाद यांचं, आवाज रफींचा. तिघेही मुसलमान, आणि देवळातला माणूस ते गाणं लागलं की हात जोडतो. आपल्याकडचंच बघा. आपल्या मंडळांत जुन्या सिनेगीतांच्या चालींवर किती स्तवनं बसवलेली आहेत! वही उघडली की वर लिहिलेलंच असतं, अमक्या गाण्याची चाल. त्यातल्या कितीतरी चाली रफींच्या गळ्यातून आपल्या कानात बसल्या आहेत. ज्याच्या आवाजाच्या आधारानं आपण भगवंताची स्तुती गातो, त्याला "त्यांचा" म्हणायला जीभ कशी वळते? रफी मराठीतही गायले, श्रीकांत ठाकरे यांच्या संगीतात. किशोर 'गंमत जंमत'साठी मराठीत गायला. मग दोघेही आपलेच झाले की नाही?

म्हणून पुढच्या वेळी बैठक जमली की एक नियम घालून बघा. कोण मोठा, हे कुणी म्हणायचं नाही. प्रत्येकानं एक गाणं सांगायचं आणि त्यात काय आवडतं ते दोन वाक्यांत सांगायचं. ज्याला गाणं सांगता येत नाही, त्याला मत नाही. आणि हा नियम आतल्या मंडळींनाही लागू. इतकी वर्षं दळणकांडण, निवडण-टिपण करताना रेडिओ आपणच सगळ्यात जास्त ऐकला. विविध भारतीचे अर्धे कान तर स्वयंपाकघरातच होते. तेव्हा पदर खोचा, बाहेर येऊन बसा आणि तुमचं गाणं सांगा.

वाद होईलच. होऊ द्या. पण तो गाण्यावर होईल, आणि ऐकता ऐकता मुलांना दोन्ही आवाज ओळखता येतील.