बैठकीवरचं नाव

खमरियाची पोस्टिंग आली की गावाकडून पाहुणे येतात, आणि पाहुणे आले की भेडाघाट करावाच लागतो. क्रम ठरलेला. आधी धुआंधार, मग संगमरवरी कड्यांमधून नाव, आणि पायांत जोर उरलाच तर टेकडीवरचं चौसष्ट योगिनींचं मंदिर. बहुतेकांचा जोर तोवर संपलेला असतो. माझं म्हणणं, क्रम उलटा करा. ऊन चढायच्या आत पायऱ्या चढा.

वर कलचुरी राजांच्या काळातलं, दहाव्या शतकाच्या सुमाराचं गोल आवार आहे. भिंतीच्या आतल्या अंगाने ओवरी, ओवरीत कप्पे, कप्प्यांत योगिनी. नावाला चौसष्ट, जागा मात्र ८१. सगळ्यांची तोंडं आत, अंगणाकडे. बहुतेक मूर्ती फोडलेल्या आहेत, कुणाचे हात गेले, कुणाचा चेहरा. पण पुष्कळ जणींच्या बैठकीवर नाव कोरलेलं आहे. कनिंगहॅमने १८७० च्या दशकात ती नावं वाचून यादी केली. तीत रणाजिरा आहे (रणाजिर म्हणजे रणांगण), वीरेंद्री आहे, क्षत्रधर्मिणी आहे, अंतकारी आहे. मोठ्याने म्हणून बघा, फॉलइनला नॉमिनल रोल वाचल्यासारखं वाटतं. चेहरा नसलेली मूर्तीसुद्धा मग हजर होते.

यातली एकच उचलून दुसरीकडे नेली तर काय होतं, हे इथे कल्पनेने ठरवायला नको. बुंदेलखंडात लोखरी नावाचं गाव आहे, तिथे प्राण्यांची तोंडं असलेल्या योगिनी होत्या. त्यांतली म्हशीच्या तोंडाची वृषानना चोरीला जाऊन पॅरिसच्या एका संग्राहकाकडे पोचली. त्याच्या पत्नीने ती परत दिली, आणि २०१३ साली ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आली. बकरीच्या तोंडाची दुसरी इंग्लंडमध्ये एका घराच्या बागेत सापडली, ती २०२२ च्या संक्रांतीला लंडनमध्ये आपल्या उच्चायुक्तालयाच्या ताब्यात आली. मेळ्यात जी भीतीची आणि भक्तीची होती, ती बागेत शोभेची झाली. दगड तोच. बाग करणाऱ्याने तिला दुष्टपणाने तसं केलं असेल असंही मला वाटत नाही. शेजारी फुलझाडं असली की माणूस शोभाच बघतो.

इथे खमरियात राहणाऱ्याला हे लवकर समजतं. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली उभा राहिलेला दारूगोळ्याचा कारखाना हीच या गावाची ओळख. कारखान्यातली पितळी केस म्हणजे दारूगोळा. तीच डागून झाल्यावर घासूनपुसून मेसच्या टेबलावर ठेवली की फुलदाणी. पाहुण्यांची मुलं विचारतात, काका, ही कुठे विकत मिळते?

मात्र वस्तू हलवली नाही म्हणजे अर्थ जागेवर राहतो, असं समजणाऱ्यांशी माझं पटत नाही. भेडाघाटलाच बघा. राणी अल्हणदेवीने इथे शिवमंदिर बांधल्याचा ११५५ चा शिलालेख आहे, आणि अंगणातलं गौरीशंकराचं देऊळ तेच, असं मानतात. आज भाविक पायऱ्या चढून थेट तिथे जातो, नंदीवर बसलेल्या जोडीला हात जोडतो आणि जाता जाता ओवरीकडे नजर टाकतो. ज्यांचं घर होतं त्या योगिनी आता आल्यागेल्याला ओसरीवरच्या वाटतात. एक इंचही न हलता.

आपल्याकडच्या वीरगळांची गत तर याहून वाईट. खालच्या चौकटीत पडलेला वीर, वर लढाई, त्यावर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, शेवटी शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्रसूर्य. गावाची गुरं सोडवताना मेलेल्या माणसाची ती आठवण असते. पण महाराष्ट्रातल्या बहुसंख्य वीरगळांवर लेख नाही. त्यामुळे कुणी शेंदूर फासून देव केला, कुणी पारावर पालथा घातला, कुठे त्यावर कपडे धुतात. शेंदराला माझी हरकत नाही, निदान पाय तरी लागत नाही. पण तो आपल्यासारखाच कुणाचा तरी मुलगा होता, हे शेंदराखाली गेलं. वर्दीतल्या माणसाला ते टोचतं.

म्हणून सगळं मूळ जागी परत न्या, हा हट्ट मी धरणार नाही. संत्रीशिवाय उघड्या टेकडीवर मूर्ती ठेवणं म्हणजे चोराला पुन्हा आवतण. दिल्लीत असेल तर दिल्लीत असू दे. पण शतक आणि दगडाचा प्रकार एवढाच मजकूर पाटीवर पुरत नाही. तिचं नाव काय, ती कुणाच्या शेजारी बसायची, तोंड कुठे होतं, हे बघणाऱ्याला तिथेच कळलं पाहिजे. आपल्यातसुद्धा जवानाची ओळख नाव, नंबर आणि पलटण सांगूनच होते.

गावच्या वीरगळांचं काम मात्र संग्रहालयावर ढकलता येणार नाही. रस्ता रुंद करताना किंवा देवळाचा जीर्णोद्धार करताना ते हलतात आणि मग कुठून आले ते कुणालाच सांगता येत नाही. रजेवर जाणाऱ्यांनी मोबाईल काढावा. दगडाचा एक फोटो, आजूबाजूसकट दुसरा. तोंड कुठल्या दिशेला, शेजारी काय, म्हातारी माणसं त्याला काय म्हणतात, एवढं लिहून ग्रामपंचायतीत आणि शाळेत एकेक प्रत द्यावी. अर्ध्या दिवसाचं काम आहे.