उपग्रह वरून पाहतो, मोजायचे आपणच



ढग आला हे खालून दिसते. त्यामागे वाफ किती, उष्णता किती, हे दिसत नाही. ते पाहण्याकरिता इस्रो आणि फ्रान्सची अंतराळ संस्था यांनी मिळून १२ ऑक्टोबर २०११ रोजी श्रीहरिकोट्याहून 'मेघा-ट्रॉपिक्स' उपग्रह सोडला.

कारखान्यात वाफेने रस तापतो तो कसा? वाफेचे पुन्हा पाणी होताना तिच्यातली उष्णता रसाला मिळते. आभाळातही तोच व्यवहार चालतो. ऊन समुद्राच्या पाण्याची वाफ करते, वारा ती आपल्याकडे आणतो, आणि तिचे पाणी होताना सुटलेल्या उष्णतेवर ढग आणखी वर चढतात. हा जमाखर्च उष्ण कटिबंधात मोठा, म्हणून उपग्रहाची फेरी विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंस २० अंशांपर्यंतच ठेवली होती. खापा त्याच्या थोडे उत्तरेस. पण वाफ मोजणारे यंत्र सुमारे १,७०० किलोमीटरचा पट्टा पाहत असल्याने आपला कन्हानकाठही त्याच्या टप्प्यात येई. पाऊस मोजणारे यंत्र २०१३ सालीच बंद पडले. तरी बाकीच्या यंत्रांची माहिती २०२१ पर्यंत हवामानाच्या अभ्यासाला मिळत राहिली. ७ मार्च २०२३ रोजी इस्रोने उपग्रह पॅसिफिक महासागरावर उतरवून नष्ट केला.

आता आमचे म्हणणे. वाफेच्या त्या यंत्राचा एकेक ठिपका निदान १० किलोमीटरचा. इकडे तर नाल्याच्या अलीकडे पाऊस अन् पलीकडचे वावर कोरडे, हे दर साली आपण पाहतो. उपग्रहाचा आकडा बरोबर की चूक, हेही शेवटी जमिनीवरच्या पर्जन्यमापकावरूनच ताडून पाहतात.

एका एकरावर २५ मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे एक लाख लिटर पाणी. तो पडूनही ठरलेल्या दिवशी मोटर सुरू केली, तर वीज गेली, पाणी गेले, अन् मुळाशी पाणी साचून ऊस पिवळा पडला तो वेगळाच.

म्हणून कारखान्याने गावोगाव एक साधा पर्जन्यमापक द्यावा. रोज सकाळी साडेआठला सभासदाने तो मोजावा आणि आकडा गट ऑफिसच्या फळ्यावर लागावा. शेतकी खात्याने तो पाहून ओलिताचा सल्ला द्यावा. अंदाज वरून येऊ द्या. आपल्या गावचा हिशोब मात्र आपल्याच वहीत पाहिजे. येत्या वार्षिक सभेत सभासदांनी हा विषय अवश्य मांडावा, अशी आमची विनंती आहे.