सत्तावीस हजार आणि एक दाखला

डिसेंबर आला की आमच्या ऑफिसला दानशूरपणाचा झटका येतो. केक, सीक्रेट सांता आणि पॅन्ट्रीत एक पुठ्ठ्याचा डबा. गेल्या वेळी त्या डब्यात चक्क २७,००० रुपये जमले. 'एखाद्या अनाथाश्रमाला देऊ, फोटो काढू, विषय संपला,' हा माझा फंडा. अकाउंट्समधल्या आंटीने डबा स्वतःकडे ओढला. आंटी म्हणजे वसईची कॅथलिक, वय ५२, घरी कुपारी बोलणारी, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. म्हणाली, "आधी रविवारी माझ्याबरोबर कडावला चल."

कडाव म्हणजे कर्जत-मुरबाड रस्त्यावरचं, बालदिगंबर गणपतीचं गाव. तुम्हा-आम्हाला त्या बाजूची फार्महाऊसं तेवढी ठाऊक. कर्जत स्टेशनवर वडापाव हाणला, रिक्षात कोंबून घेतलं आणि उतरल्यावर मातीची वाट तुडवत कातकरी वाडीवर पोचलो. आंटी आणि तिच्या चर्चमधल्या तिघीचौघी तिथे महिन्यातून दोनदा जातात.

एका झोपडीत आजी आणि तिचा नऊ वर्षांचा नातू. दिवाळी झाली की वाडीतली निम्मी घरं वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परत येतात. पोराचा बाप दोन वर्षांपूर्वी भट्टीवरच वारला. आई अजूनही जाते. पोराला सोबत नेलं तर शाळा बुडते, मागे ठेवलं तर आजीच्या मजुरीत दोघांचं भागत नाही. कुणीतरी तिला सुचवलं होतं, लांबच्या बालगृहात टाक.

"खायला भेटंल तिथं," आजी म्हणाली. "पन रातचा उठला तर हाक कुनाला मारंल, बाय?"

मी गप्प. माझा डबा नेमका तशाच एखाद्या बालगृहाकडे निघाला होता.

येताना ट्रेनमध्ये आंटीने माझी शाळा घेतली. २०१५ चा बाल न्याय कायदा सांगतो की मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा पर्याय. आधी स्वतःचं घर, मग नातेवाईक, नाहीतर सांभाळायला तयार असलेलं दुसरं कुटुंब. रुमानियात २००० साली संस्थांमधल्या १३६ लहान मुलांवर अभ्यास सुरू झाला. निम्मी मुलं सांभाळणाऱ्या कुटुंबांत गेली. त्यांची बुद्धी आणि भावनिक वाढ संस्थेत राहिलेल्यांपेक्षा चांगली झाली. संस्था कितीही चकाचक असो, रात्रीच्या हाकेला ओ देणारं ठरलेलं माणूस लागतंच. जगभरातल्या कित्येक ख्रिस्ती संस्था म्हणूनच आता अनाथाश्रमांऐवजी कुटुंबांना आधार देण्याकडे वळताहेत.

घरी सांगितलं तर आईचा पहिला प्रश्न, "बाटवाबाटवी नाही ना?" प्रश्न जुनाच आहे. पंडिता रमाबाईंनी तरुणपणी दुष्काळात आईवडील गमावले. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं. १८९३ मध्ये धर्मांतराच्या वादातून रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्याच रमाबाईंनी शेकडो मुली केडगावला आणून जगवल्या. मुली ख्रिस्ती झाल्या हे खरं आणि उपासमारीतून वाचल्या हेही खरं. मी आईचा प्रश्न आंटीला जसाच्या तसा विचारला. ती हसली. "त्याचा गणपती त्याच्या गावातच आहे. मला त्याला देव द्यायचा नाहीये, त्याची फाइल पुरी करायचीय."

फाइल सरकारी! महाराष्ट्राची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना अशा मुलांसाठी महिन्याला २,२५० रुपये देते. एक पालक गमावलेलं, नातेवाइकांकडे राहणारं मूलही त्यात बसतं. अडलं होतं बापाच्या मृत्यूच्या दाखल्यापाशी. मृत्यू परजिल्ह्यातला, नोंद कुठेच नाही. वर्ष उलटल्यावर नोंदवायचा तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. मजुरी बुडवून किती खेपा घालणार म्हातारी?

मग काय, मी आयुष्यात पहिल्यांदा शॉपिंग-बिपिंग सोडून दुसऱ्याच्या कागदांसाठी रजा टाकली. एकूण चार. एका खिडकीवर साहेब जेवायला, दुसरीवर सर्व्हर डाउन. आजी प्रत्येक वेळी नवं लुगडं नेसून यायची. चौथ्या खेपेला दाखला हातात आला. तिने तो उलटा धरला, बराच वेळ बघितला आणि पदरात बांधला. लेकाच्या नावाचा तिच्याकडचा तो एकमेव कागद. आमची 'अचीव्हमेंट' तिथेच घशात अडकली.

एप्रिलमध्ये अर्ज गेला. गृहभेटही झाली. मंजुरी अजून यायचीय. तोवर डब्यातले पैसे महिन्याला २,२५० प्रमाणे आजीच्या खात्यात जातात. गणित करून बघा, बरोब्बर बारा महिने पुरतात. आंटीने स्वतःचाही अर्ज भरलाय. २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एकट्या व्यक्तीलाही संगोपनासाठी मूल घरी आणता येतं. "पोर मोठं असलं तरी चालेल," तिने लिहिलंय.

ऑफिसात अजून विचारतात, 'फोटो कुठाय?' फोटो नाही मिळणार, बॉस. अशा मुलांची ओळख उघड करायला कायद्याने मनाई आहे. एवढंच सांगते, भट्टीचा हंगाम संपला, आई परत आली, आणि तोवर पोराची शाळा एकही दिवस बुडली नव्हती.