ट्रॉली मोजली, खत मोजायचे राहिले

जानेवारीत दिंडोरी तालुक्यातल्या द्राक्ष बागायतदाराला खताचे नाव काढलेले चालत नाही. मण्यात पाणी उतरते आहे, पहाटेच्या थंडीने तडे जातील का ही धाकधूक आहे, व्यापारी दर सांगून गेला तो परत फिरकलेला नाही. तरीही या अंकात शेणखताचा विषय घेत आहोत, कारण तो घ्यायची हीच वेळ आहे. माल उतरला की एप्रिलमध्ये खरड छाटणी येते आणि तिच्या आधीच्या पंधरवड्यात मोहाडी, खेडगाव, लखमापूर, जऊळके, जिकडे पाहावे तिकडे बांधावर खताचे ढीग पडू लागतात. त्या घाईत कोणी खत पारखत नाही. गाडी आली, रिकामी झाली, चारी काढली, बोदात गेले. मार्चमध्ये जे मिळेल तेच घ्यावे लागते, आणि मिळते ते बहुतेक वेळा कच्चे असते.

आपल्या बागायतदाराइतका मोजून-मापून शेती करणारा शेतकरी राज्यात शोधूनही सापडणार नाही. ठिबकमधून ०:५२:३४ किती किलो सोडायचे याची वही असते. देठ परीक्षणाचा अहवाल आल्याशिवाय पालाशचा डोस ठरत नाही. फवारणीची तारीख, औषधाचा बॅच नंबर, काढणीपूर्व कालावधी, सगळ्याची नोंद असते. पण वर्षभरात बागेत जाणारी सगळ्यात वजनदार वस्तू त्या वहीत एकाच ओळीत संपते : 'शेणखत, अमुक ट्रॉली'. ट्रॉलीत काय होते, किती वाळलेले होते, त्यात माती किती होती, यातले काहीही लिहिलेले नसते. शेणखत हीसुद्धा मोजून द्यायची निविष्ठा आहे, एवढेच आमचे या अंकात म्हणणे आहे, आणि ते आम्ही आग्रहाने मांडतो आहोत.

साधा हिशेब करू. चांगल्या कुजलेल्या शेणखतात सरासरी अर्धा टक्का नत्र, पाव टक्क्याच्या आत स्फुरद आणि अर्धा टक्का पालाश धरतात. म्हणजे एकरी १० टन खत टाकले तर सुमारे ५० किलो नत्र जमिनीत जाते. त्यातला साधारण तिसरा हिस्सा पहिल्या वर्षी वेलीला मिळतो, बाकीचे पुढच्या हंगामांत सुटत राहते. दरवर्षी खत टाकणाऱ्या बागेत मागच्या वर्षांचे उरलेले नत्रही त्यात मिळते. आपल्या किती वेळापत्रकांत ही वजावट धरलेली असते? आणि ट्रॉलीतला निम्मा माल गोठ्यातला मुरूम असेल, तर हाच हिशेब उलट्या बाजूने कोसळतो. पसाभर खत बादलीभर पाण्यात ढवळून पाच मिनिटे थांबा; तळाशी बसलेल्या वाळू-मुरुमाचा थर बघितला की कशाचे पैसे मोजले ते कळते.

कोंबडीखताच्या बाबतीत तर न मोजण्याची किंमत फार मोठी आहे. त्यात नत्र ३ टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे शेणखताच्या सहापट, आणि त्यातला बराच भाग काही आठवड्यांतच मोकळा होतो. क्षारही जास्त असतात. शेणखताच्याच अंदाजाने कोंबडीखत बोदात भरले की खरड छाटणीनंतर काडी सुसाट सुटते. पेरे लांबतात, पानांची गर्दी होते, खालच्या डोळ्यांवर ऊन पोचत नाही. नेमक्या त्याच दिवसांत काडीच्या डोळ्यात सूक्ष्मघड तयार होत असतो. ऑक्टोबर छाटणीनंतर घड जिरले, बाळ्या निघाल्या की आपण ढगाळ हवामानाला बोल लावतो. हवामानाचा वाटा असतोच. पण एप्रिलमध्ये बोदात काय भरले होते, हेही त्या वेळी आठवायला हवे. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यात शिंपल्याचा किंवा चुनखडीचा भाग बराच असतो, त्यामुळे त्यांच्या खतात चुना भरपूर येतो. आधीच चुनखडीच्या असलेल्या जमिनीत असे खत टाकायचे झाले तर माती परीक्षणाचा कागद समोर ठेवूनच टाकावे.

कच्च्या खताबद्दल बोलले की सगळे हुमणीवर येतात, आणि ते बरोबरही आहे. मात्र उकिरड्यात सापडणारी प्रत्येक पांढरी, वाकडी अळी हुमणी नसते. गेंडा भुंग्याची आणि फुलभुंग्याची अळीही तशीच दिसते, आणि ती कुजणाऱ्या पदार्थावर जगते. अळी सपाट फरशीवर ठेवून पाहावी : फुलभुंग्याची अळी पाठीवर उलटी होऊन सरपटते, हुमणी तशी चालत नाही. एवढे पाहिले तरी घाबरून ढिगावर कीटकनाशक ओतण्याची वेळ अनेकदा टळेल. खरी हुमणी पहिल्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंबा-बाभळीवर जमणाऱ्या भुंगेऱ्यांपासून येते. अर्धवट कुजलेले खत जमिनीत असले की तिच्या लहान अळ्यांना आयते खाद्य मिळते. म्हणून कुजवणे हाच पहिला उपाय, आणि ढीग थंड झाल्यावर त्यात मेटारायझियम बुरशी मिसळणे हा दुसरा.

कुजवणे म्हणजे खत बांधावर पाडून ठेवणे नव्हे. मार्चच्या उन्हात उघडा पडलेला ढीग वाळतो, कुजत नाही, आणि त्यातले नत्र अमोनिया होऊन उडून जाते. जनावराच्या शरीरातून बाहेर पडणाऱ्या नत्राचा जवळजवळ निम्मा भाग तर मूत्रातच असतो, आणि तो बहुतेक गोठ्यांच्या गटारीतून केव्हाच वाहून गेलेला असतो. ढीग नीट लावायचा तर पाच-सहा फूट रुंद आणि चार फुटांपर्यंत उंच लावावा. ओल एवढी असावी की मूठ आवळली तर हात ओला व्हावा, पण पाणी ठिबकू नये. थरांमध्ये थोडे सिंगल सुपर फॉस्फेट भुरभुरले तर अमोनिया धरून ठेवला जातो. वरून मातीचा हलका लेप द्यावा किंवा ताडपत्री टाकावी. चार-पाच दिवसांनी ढिगाच्या मध्यापर्यंत लोखंडी पहार खुपसून थोड्या वेळाने ओढून काढा. तिचे टोक हातात धरवत नसेल तर काम सुरू झाले आहे. अमेरिकेतल्या सेंद्रिय प्रमाणनाचा नियम असा की उघड्या लांबट ढिगात किमान १५ दिवस ५५ अंशांच्या वर तापमान राहिले पाहिजे आणि त्या काळात ढीग ५ वेळा उलथला पाहिजे. त्या उष्णतेत गाजर गवताचे बी आणि रोगजंतू बहुतांश मरतात. ढीग उलथायला आपल्याकडे जेसीबी असतो, मजुरांची अडचण सांगायला जागा नाही. ताप उतरल्यावर खत आणखी दोनेक महिने मुरू द्यावे. जानेवारीत ढीग लागला तर एप्रिलला खत तयार, असा हा सरळ हिशेब आहे.

खत तयार झाले का, हे नाकाला आणि हाताला कळते. मुठीत घेतले तर शेणाचा, अमोनियाचा वास न येता पहिल्या पावसाने भिजलेल्या मातीसारखा वास यायला हवा. तरी एक परीक्षा आम्ही सोडू देणार नाही : एका कुंडीत निम्मे खत, निम्मी माती घालून मूग किंवा घेवडा पेरा, शेजारच्या कुंडीत नुसती माती ठेवा. उगवण कमी झाली किंवा पाने वेडीवाकडी, कुरळी आली तर ते खत बागेत नेऊ नका. ही भीती उगाच नाही. ब्रिटनमध्ये २००८ साली कुरणावर मारलेले अमिनोपायरॅलिड तणनाशक गवतातून जनावराच्या पोटात, तिथून शेणात आणि शेणातून परसबागांत पोचले. टोमॅटो-घेवड्याची पाने गुंडाळली आणि त्या औषधाची विक्री काही काळ थांबवावी लागली. आपल्याकडे ऊस-मक्याच्या रानात २,४-डी सर्रास वापरतात आणि द्राक्षवेलीइतके त्याला हळवे पीक क्वचितच सापडेल. पोटातून गेलेले २,४-डी खतात लवकर विघटित होते, परंतु ढिगात मिसळलेल्या ताज्या चाऱ्याचे आणि पाचटाचे काय, हे विकणाऱ्याला विचारायलाच हवे.

टोमॅटो, कोथिंबीर, मेथी करणाऱ्यांना एक वेगळी गोष्ट सांगायची आहे. अमेरिकेच्याच नियमात कच्चे शेण टाकल्यापासून काढणीपर्यंत किमान ९० दिवस जावे लागतात, आणि खाण्याचा भाग मातीला टेकत असेल तर १२०. कोथिंबीर त्याआधीच बाजारात गेलेली असते. म्हणजे पालेभाजीत कच्च्या शेणाला जागाच उरत नाही. ग्लोबलगॅप प्रमाणपत्रावर निर्यात करणाऱ्यांना तर मैल्याचा गाळ कुठल्याही रूपात चालत नाही. 'सोनखत घातलेले स्वस्त खत' म्हणून कोणी गाडी आणली तर दारातूनच परत पाठवावी.

इतके करूनही सेंद्रिय कर्ब का वाढत नाही, असा प्रश्न आम्हाला वारंवार विचारला जातो. एक एकरातली वरची १५ सेंटिमीटर माती सुमारे ८०० टन भरते. १० टन शेणखतातले निम्मे पाणी गेले की ५ टन सुके, आणि त्यात कर्ब फार तर सव्वा टन. म्हणजे एका वर्षात जास्तीत जास्त ०.१५ टक्क्याची भर पडते, आणि आपल्या उन्हाळ्यात त्यातला बराचसा वर्ष-दोन वर्षांत हवेत जातो. ०.४ चा कर्ब ०.८ वर न्यायला वर्षानुवर्षे सातत्य लागते. एका वर्षी ३० टन आणि पुढची चार वर्षे काहीच नाही, याने ते होत नाही. जीवामृताच्या टाकीतल्या १० किलो शेणानेही ते होत नाही. ती जीवाणूंची सोय आहे, कर्बाची भरपाई नाही.

आता खत आणायचे कोठून? २०१२ च्या पशुगणनेत राज्यात गाई-बैल दीड कोटीच्या वर होते, २०१९ मध्ये ते १ कोटी ४० लाखांच्या आसपास आले. बैलाची जागा ट्रॅक्टरने घेतली. आपल्या बोदात पडणारे शेण कोणाच्या तरी जिरायत रानातून आलेले असते, आणि ते रान तेवढे हलके होते. आपल्याच तालुक्याच्या पश्चिमेला, ननाशीकडे, भात-नागलीच्या रोपांसाठी राब भाजतात. तिथे शेण आणि पालापाचोळा रोपवाटिकेच्या जागेवरच कामी येतो, त्यावर त्या घराचे वर्षाचे धान्य उभे असते. तिकडच्या शेणावर आपली नजर जाऊ नये, असे आम्हाला मनापासून वाटते.

त्यापेक्षा आहे ते शेण पुरवून वापरावे. पुसदचे नारायण पांढरीपांडे, म्हणजे नाडेप काका, यांनी हेच करून दाखवले. विटांच्या जाळीदार टाक्यात दीड टनापर्यंत काडीकचरा, पावणेदोन टन माती आणि फक्त १०० किलोच्या आसपास शेण, यातून तीन-चार महिन्यांत अडीच-तीन टन खत होते. आपल्याकडे तर छाटणीच्या काड्यांचे डोंगर पडतात आणि अजूनही बऱ्याच ठिकाणी बांधावर पेटवले जातात. श्रेडरमधून काढून, शेणाच्या स्लरीत भिजवून ढिगात घातल्या तर त्याच काड्या खत होतात. केवडा-भुरीची भीती ज्यांना वाटते त्यांनी ढीग नीट तापवावा, काड्या जाळू नयेत. खरड छाटणीच्या काड्या पुढच्या वर्षीच्या ढिगासाठी जपून ठेवाव्यात.

शेतकरी उत्पादक कंपन्यांकडे आमची एक मागणी आहे. औषधे, खते, कागद एकत्र घेता, तसे शेणखतही एकत्र घ्या. काट्यावर वजन करा, ओलावा वजा करा, एका ढिगाचा एक नमुना प्रयोगशाळेत पाठवून नत्र, ईसी आणि सेंद्रिय कर्बाचा अहवाल सभासदाला द्या, आणि दर त्या अहवालावर ठरवा. यंदाच्या एप्रिलसाठी गोठेवाल्यांशी बोलणी याच महिन्यात व्हायला हवीत.