पळायला गोष्ट लागते, आणि जागाही लागते



व्यायाम करा म्हणून सांगणाऱ्यांची आपल्याकडे कधीच कमी नव्हती. डॉक्टर सांगतात, घरचे सांगतात, रोज सकाळी व्हॉट्सॲपवर सूर्योदयाच्या फोटोखाली कोणीतरी तेच लिहून पाठवतं. तरीही माणूस पळत नाही. तो का पळत नाही आणि त्यावर एका मोबाईल ॲपने काय उपाय काढला, यावर आज लिहितो आहे. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी थोडे आकडे. 2024 मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये एक अभ्यास आला. त्यानुसार 2022 साली भारतातले जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. पुरुषांमध्ये हे प्रमाण साधारण 42 टक्के, बायकांमध्ये 57 टक्के. आणि पुरेशी म्हणजे फार नाही बरं का. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने आठवड्याला 150 मिनिटं भरभर चालणं, किंवा 75 मिनिटं पळणं. रोजची अकरा मिनिटंही होत नाहीत पळण्याची. तेवढंही आपल्याला जमत नाही. दुसरीकडे आयसीएमआरच्या 2023 मध्ये आलेल्या अभ्यासाने देशात 10 कोटींहून जास्त मधुमेही असल्याचं सांगितलं. आपल्या प्रत्येकाच्या घरात, नाहीतर शेजारी, त्यातला एक आहेच.

लोक आळशी आहेत म्हणून असं होतं, हे मला पटत नाही. हाच माणूस दिवसभर दुकानात उभा असतो, लग्नात पहाटेपर्यंत राबतो. तो पळणं सोडतो ते कंटाळ्याने. पहिल्या आठवड्यात नवे बूट येतात, फोटो टाकले जातात. दुसऱ्या आठवड्यात तोच रस्ता, तोच श्वास, तेच दुखणारे गुडघे. तिसऱ्या आठवड्यात बूट चपलांच्या रॅकखाली.

ब्रिटनमधल्या काही डोकेबाज लोकांनी नेमकं हेच पकडलं. एड्रियन हॉन नावाच्या माणसाची गेम बनवणारी छोटी कंपनी आणि नेओमी आल्डरमन ही कादंबरीकार यांनी 2011 मध्ये 'झॉम्बीज, रन!' नावाच्या ॲपसाठी किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली. मागितले 12,500 डॉलर, जमले 72 हजारांच्या वर. 2012 मध्ये ॲप आलं.

त्यात होतं असं. जगात झॉम्बींची साथ पसरली आहे. थोडी माणसं एका वस्तीत जीव मुठीत धरून राहत आहेत. तुम्ही त्या वस्तीचे 'रनर फाइव्ह', म्हणजे पाच नंबरचे धावपटू. कानात हेडफोन घालायचे आणि खऱ्या रस्त्यावर पळायला लागायचं. रेडिओवरून कोणीतरी तुमच्याशी बोलतं, कुठे जायचं सांगतं. मध्ये तुमची गाणी वाजतात, मग गोष्ट पुढे सरकते. पळता पळता तुम्ही औषधं, अन्न, बॅटऱ्या गोळा करता आणि त्यावर वस्ती वाढते. हवं असेल तर पाठलागही सुरू करता येतो. झॉम्बींचा आवाज मागून जवळ येतो, आणि तेव्हा मिनिटभर वेग वाढवावाच लागतो. जो प्रकार कोच शिट्टी वाजवून करून घेतो, तोच इथे भीती करून घेते.

मी स्वतः हे वापरतो. चाळिशी ओलांडलेली, पत्रकारितेतली रात्रीची जागरणं, दिवसाला सात-आठ कप चहा, त्यामुळे पोटाची अवस्था सांगायला नको. सेमिनरी हिल्सच्या चढावर मागे झॉम्बी लागतात तेव्हा मी असा काही पळतो की समोरून येणारे एक काका एकदा थांबले आणि म्हणाले, "काऊन बाप्पा, कोण मागं लागलं?" त्यांना काय सांगणार! पण खरं सांगतो, पुढच्या भागात काय होतं या उत्सुकतेने मी ज्या सकाळी बाहेर पडलो, त्या सकाळी साखरेच्या रिपोर्टच्या भीतीने पडलो नसतो.

यात नवीन काय आहे? आपल्याला तर हे शेकडो वर्षं माहीत आहे. आळंदी-देहूहून पंढरपूर गाठायला सुमारे तीन आठवडे लागतात. शेगावहून गजानन महाराजांची पालखी निघते ती शेकडो किलोमीटर चालते. त्यात साठी-सत्तरीची माणसं असतात. त्यांना कोणी पावलं मोजायला सांगितलेलं नसतं. सोबत अभंग असतो, दिंडी असते, पुढे विठोबा असतो. तालमीतही आधी मारुतीला नमस्कार आणि मग जोर-बैठका. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून आहे, त्याच्या नावातच ती गोष्ट आहे. शरीराला कामाला लावायचं तर मनाला आधी काहीतरी द्यावं लागतं, हे आपल्या आज्या-आजोबांना कळत होतं.

आता आपलं सरकार काय करतं ते बघा. 'फिट इंडिया' मोहीम 2019 मध्ये सुरू झाली, 2021 मध्ये तिचं ॲप आलं. ते पावलं मोजतं, पाणी किती प्यालात ते मोजतं, गुण देतं. वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण मोजमाप केल्याने ज्याला आधीच आवड आहे तो खूश होतो. ज्याला आवडच नाही, त्याला दिवसाअखेर 1,800 पावलं दाखवून काय मिळणार? तो ॲपच काढून टाकतो. तिकडे ब्रिटनमध्ये 2013 मध्ये त्याच लोकांनी 'द वॉक' नावाचं चालण्याचं ॲप बनवलं, त्याला तिथल्या आरोग्य विभागाची मदत होती. म्हणजे सरकारी आरोग्य खात्याने लोकांना चालवण्यासाठी गोष्टीवर पैसा लावला. मला हा विचार फार आवडला.

इथपर्यंत कौतुक झालं. आता नागपूरचं बोलू.

हे ॲप गृहीत धरतं की तुमच्या घराबाहेर पळण्यासारखी जागा आहे. पश्चिम नागपुरात आहे. अंबाझरी आहे, फुटाळा आहे, सिव्हिल लाइन्समधली वॉकर्स स्ट्रीट आहे. पण पारडी, वाठोडा, कळमन्याच्या माणसाने काय करावं? त्याच्या वाट्याला भांडेवाडीचा कचरा डेपो आला. शहरभर सिमेंटचे रस्ते झाले, त्यावर गाड्या छान पळतात, गुडघे नाही. फुटपाथ जिथे आहे तिथे त्यावर दुचाकी उभी असते. पहाटे कुत्र्यांची टोळी मागे लागते. आणि ते झॉम्बी नाहीत भाऊ, खरोखर चावतात.

त्यात हेडफोन. दोन्ही कान बंद करून आपल्या रस्त्यावर पळणं म्हणजे ट्रकला आमंत्रण. बायकांचा प्रश्न तर आणखी वेगळा. माझ्या ओळखीतल्या पळणाऱ्या मुली सांगतात, पहाटे अंधारात त्या एकच कान झाकतात, दुसरा मोकळा ठेवतात, मागून कोणती गाडी हळू झाली ते कळावं म्हणून. त्यांच्यासाठी पाठलागाचा आवाज ही गंमत नाही. 57 टक्के बायका हालचाल करत नाहीत, असं म्हणताना हा अंधार आपण मोजतो का?

आणि तालुक्याच्या गावांकडे या. उमरेड, काटोल, भंडारा रोड, कुठेही पहाटे जा, पोलीस भरतीची पोरं-पोरी पळताना दिसतील. पोरांना 1600 मीटर, पोरींना 800 मीटर, आणि त्यावर 20 गुण. त्यांना ॲप लागत नाही. घरची परिस्थिती हीच त्यांची गोष्ट आहे, आणि ती पुरेशी आहे. त्यांना फक्त मैदान लागतं. ते नाही म्हणून ती हायवेच्या कडेने पळतात. दरवर्षी अशा पोरांना गाडीने उडवल्याची बातमी कुठून ना कुठून येते. आम्ही ती चार ओळीत छापतो आणि पुढच्या पानाला लागतो.

म्हणून माझं म्हणणं दोन भागात आहे. गोष्ट हवी, आणि जागा हवी. नुसती गोष्ट दिली तर ती वॉकर्स स्ट्रीटवाल्यांचा शौक होऊन बसेल. नुसती जागा दिली तर तिथे आठ दिवसांनी हळदीकुंकवाचा आणि वाढदिवसाचा मांडव पडेल.

गोष्ट आपल्या भाषेत का नसावी? 'झॉम्बीज, रन!' इंग्रजीत आहे आणि उच्चार अस्सल ब्रिटिश. धापा टाकताना अर्धं डोक्यावरून जातं. नागपूरला काय गोष्टींचा तुटवडा आहे? तान्ह्या पोळ्याच्या दिवशी काळी-पिवळी मारबत निघते, ती मागे लागली तर झॉम्बीची गरज काय! नोव्हेंबर 1817 ची सीताबर्डीची लढाई घ्या. टेकडीवर तोफा सुरू आहेत, आणि तुम्ही निरोप घेऊन महालात भोसल्यांच्या वाड्याकडे निघालेले हरकारे. वाटेत जुम्मा तलाव, म्हणजे आजचा गांधीसागर, आणि जुम्मा दरवाजा, म्हणजे गांधीगेट. तीनेक किलोमीटर होतात. नवख्या माणसासाठी नेमकं तेवढंच हवं. पळता पळता शाळेतल्या पोराला शहराचा इतिहासही कळेल.

यासाठी मोठं ॲपही नको. पंचवीस मिनिटांची एक ऑडिओ फाइल पुरे. पाच मिनिटं चालणं, मग थोडं पळणं, थोडं चालणं, आणि त्या हिशेबाने गोष्टीचे चढ-उतार. फोनचा स्पीकर खिशातून वाजला तरी चालतं, कान मोकळे राहतात. लिहायला वडसा-देसाईगंजच्या झाडीपट्टी रंगभूमीचे लेखक आहेत, आवाजाला आकाशवाणी नागपूर आहे, ध्वनिमुद्रणाला आपल्या विद्यापीठातल्या जनसंवाद विभागाची पोरं आहेत. एका उद्घाटनाच्या मांडवाचा खर्च त्यापेक्षा जास्त होत असेल.

ऑडिओ फाइलचा आणखी एक फायदा. ती तुम्ही कुठे पळता हे कोणाला कळवत नाही. 2018 मध्ये 'स्ट्रावा' या ॲपच्या नकाशावरून जगभरातले लष्करी तळ दिसायला लागले होते, कारण सैनिक घड्याळ लावून पळत होते. आपल्या शहरात वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे, शेजारी कामठीची छावणी आहे, तेव्हा हे लक्षात ठेवावं. खुद्द एड्रियन हॉनने 2022 मध्ये एक पुस्तक लिहून सावध केलं आहे की गुण आणि बक्षिसांचा हाच खेळ कंपन्या कामगारांना पिळायलाही वापरतात. ज्याने खेळ बनवला तोच सांगतो आहे, तर ऐकलं पाहिजे.

आता मागणी. महापालिकेने प्रत्येक झोनमध्ये एक मैदान निवडावं. त्याच्या कडेने मातीची पळवाट, सिमेंटची किंवा टाइल्सची नाही. पहाटे साडेचार ते आठ दिवे सुरू आणि फाटक उघडं, कारण मे महिन्यात नागपुरात आठनंतर पळणं म्हणजे जिवाशी खेळ. महिलांसाठी गस्त. मैदानावर त्या वेळेत कोणताही मांडव नाही. आणि सुरुवात पूर्व नागपुरापासून. तालुक्यांच्या नगर परिषदांनी भरतीच्या पोरांसाठी शाळेचं मैदान पहाटे दोन तास उघडावं, त्याला तर फक्त एक किल्ली आणि एक चौकीदार लागतो.

महापालिकेत वर्षानुवर्षं बसलेल्यांना आणि नव्याने मत मागायला येणाऱ्यांना, दोघांनाही हा प्रश्न विचारा. पुतळा, कमान, सौंदर्यीकरण यांची यादी ते वाचून दाखवतील. तुम्ही एवढंच विचारा, माझी पोरगी पहाटे पाच वाजता माझ्या वस्तीत कुठे पळू शकते?

तुमच्या भागात अशी जागा असेल तर तिचं नाव खाली लिहा. नसेल तर तेही लिहा, वस्तीच्या नावासह. यादी झाली की मी ती घेऊन झोन कार्यालयात जाणार आहे. आणि मारबतीची गोष्ट लिहायला कोणी तयार असेल तर बोला. पहिला पाठलाग झेलायला मी तयार आहे.