पडद्यावरची श्रीमंती आणि आपली मुलं

अमेरिकेच्या ‘बेव्हर्ली हिल्स, ९०२१०’ने १९९० मध्ये श्रीमंत वस्तीतल्या शाळकरी मुलांना छोट्या पडद्यावर आणलं. अर्जेंटिनाच्या मालिकेवरून २००४ मध्ये ‘स्टार वन’वर ‘रीमिक्स’ आली, तर स्पेनच्या ‘एलीट’वरून २०२३ मध्ये नेटफ्लिक्सवर ‘क्लास’. मुंबई-दिल्लीच्या महागड्या शाळांतली ही दुनिया आज मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसरच्या मुलांच्या मोबाइलवरही पोचली आहे.

त्यांनी ती जरूर पाहावी. मैत्री, मत्सर, पहिलं प्रेम, आईबापांशी खटके हे काही श्रीमंतांपुरतं नसतं. ‘क्लास’ तर गरीब मुलांना अशा शाळेत काय सोसावं लागतं, तेही दाखवते. मात्र पैसा म्हणजेच मोठेपणा, ही समजूत मनात रुजता कामा नये.

आता आपल्याकडची घरं पाहा. घरात मराठी, शाळेत हिंदी. बापाचा जीव संत्र्याच्या भावात गुंतलेला, लेकीचं मन नागपूरच्या कॉलेजात. या घरांतही जबरदस्त नाट्य आहे. मुलामुलींनो, ते तुमच्याइतकं नेमकं कुणाला ठाऊक? कथा लिहा, संवाद लिहा, आमच्याकडे पाठवा. आम्ही मनापासून वाचू आणि छापू.